उल्केतले मॉइसनाइट: ओळख कशी पटवावी आणि किंमत कशी ठरवावी

गेल्या दिवाळीनंतर एक निवृत्त शिक्षिका खडे पारखण्याच्या माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली अंगठी काढून म्हणाल्या, "दादा, हा उल्केतला खडा आहे म्हणे. खरा आहे का, तेवढं बघा." अंगठीबरोबर प्लास्टिकचे कडक कार्ड होते. त्यावर तारे चितारलेले होते आणि खाली 'नैसर्गिक मॉइसनाइट' असे छापलेले होते. खडा मॉइसनाइटचाच, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका रत्नाचा होता, पण नैसर्गिक नव्हता, आणि उल्केशी त्याचे नाते केवळ नावापुरते होते. बाईंनी पैसे मात्र उल्केचे मोजले होते.

अशा प्रकरणांत दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. हातातला खडा मॉइसनाइट आहे का, हा पहिला. आणि तो निसर्गात तयार झाला आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दहा पट भिंगाने, म्हणजे आपल्या बाजारातल्या भाषेत आयग्लासने, बहुतेक वेळा दहा मिनिटांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर तर भिंग उघडण्याआधीच, नुसत्या आकारावरून मिळते. किंमत ठरवण्याचा प्रश्न या दोन्हींच्या नंतरचा आहे, आणि तो याच क्रमाने सोडवावा, कारण क्रम चुकला की माणूस खड्याऐवजी गोष्टीची किंमत करू लागतो.

निसर्गात हे खनिज किती आणि कुठे

मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांनी १८९३ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना येथल्या विवराजवळ सापडलेल्या कॅन्यन डायब्लो या लोहउल्केचे नमुने तपासले, तेव्हा त्यांना त्यात सूक्ष्म, अतिशय कठीण स्फटिक आढळले. सुरुवातीला त्यांना ते हिरे वाटले. ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचे त्यांनी १९०४ मध्ये ओळखले. पुढच्याच वर्षी रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुंझ यांनी त्यांच्या सन्मानार्थ या खनिजाला मॉइसनाइट हे नाव दिले. १९०६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक म्वासाँ यांना मिळाले, पण ते फ्लोरीन वेगळे करण्यासाठी आणि विद्युतभट्टीसाठी; मॉइसनाइटसाठी नव्हे. जाहिरातींत हा फरक हमखास गाळला जातो.

त्या शोधाला एक शंका पुढे कित्येक दशके चिकटून राहिली. एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभीच विद्युतभट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार करून ते कार्बोरंडम या नावाने घासकामासाठी विकायला सुरुवात केली होती. उल्का कापताना आणि घासताना वापरलेल्या कार्बोरंडमचेच कण म्वासाँ यांना सापडले नसतील कशावरून, असा तो आक्षेप होता. उल्केत हे खनिज खरोखर असते, याचा भक्कम पुरावा १९८७ मध्ये आला. आदिम कार्बनयुक्त उल्का आम्लात विरघळवून उरलेल्या गाळात असे सिलिकॉन कार्बाइडचे कण मिळाले की त्यांच्यातील समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे, प्रमाण सूर्यमालेतल्या कोणत्याही पदार्थाशी जुळत नव्हते, म्हणजे ते सूर्याच्या जन्माआधी दुसऱ्याच ताऱ्यांभोवती तयार झाले होते. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतील अशा कणांपैकी काहींचे वय सुमारे सात अब्ज वर्षे असल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपला सूर्य साडेचार अब्ज वर्षांच्या आसपासचा आहे.

आता आकार पाहू. हे कण मायक्रोमीटरांत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजले जातात. त्यातले मोठ्यातले मोठे कणही केसाच्या जाडीच्या आतबाहेरच असतात, आणि मर्चिसन उल्केत त्यांचे एकूण प्रमाण दशलक्षात जेमतेम काही भाग इतके आहे. म्हणजे एक ग्रॅम मर्चिसन हातात आला, तरी त्यातले सारे मॉइसनाइट मिळून काही मायक्रोग्रॅम भरेल. पृथ्वीवर हिरे ज्यांत सापडतात त्या किंबरलाइट खडकांत आणि काही हिऱ्यांच्या पोटात ते सापडते, पण तेही बहुतेक एक मिलिमीटरहून लहान. इस्रायलमधील कार्मेल पर्वताच्या परिसरात सुमारे चार मिलिमीटरांपर्यंतचे स्फटिक मिळाले, याचीच केवढी चर्चा झाली.

यावरून पहिला आणि सर्वांत स्वस्त निकष तयार होतो. दागिन्यात बसवलेला, रंगहीन, स्वच्छ, पैलू पाडलेला मॉइसनाइट कोणी नैसर्गिक किंवा उल्केतला म्हणून विकत असेल, तर तो दावा तिथेच नाकारावा; त्यासाठी यंत्र लागत नाही. दागिन्यांतले सर्व मॉइसनाइट भट्टीत वाढवलेले असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून ते रत्न म्हणून बाजारात आले, मूळ पेटंटे २०१५ च्या सुमारास संपू लागली, आणि त्यानंतर अनेक देशांतले उत्पादक उतरल्यामुळे भाव झपाट्याने खाली आले. काटेकोर बोलायचे तर खनिज ही संज्ञा निसर्गात तयार झालेल्या पदार्थालाच लागते, त्यामुळे अंगठीतला खडा खनिजही नव्हे. त्यात कमीपणा काही नाही; खडा सुंदर असू शकतो. फक्त त्याचे नाव आणि दाम त्याच्याच मापाने ठरले पाहिजेत.

कच्चा 'स्फटिक' समोर आला तर

खनिजांच्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन दुकानांत काळ्या-निळ्या, इंद्रधनुष्यी झाक असलेल्या चमकदार पत्र्यांचे गुच्छ 'नैसर्गिक मॉइसनाइट' म्हणून मांडलेले दिसतात. मुठीएवढे मोठे आणि दिसायला देखणे असे हे तुकडे असतात. हे अ‍ॅचेसन पद्धतीच्या भट्टीतून निघालेले कार्बोरंडम असते. वाळू आणि कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, एकत्र रचून त्यातून प्रचंड वीजप्रवाह सोडला, की दोन हजार अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला सिलिकॉन कार्बाइड तयार होते आणि मोकळ्या पोकळीत त्याचे षट्कोनी पत्रे वाढतात. इंद्रधनुष्यी रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचा असतो, डबक्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगासारखा.

ओळखायला तीन गोष्टी पुरतात. पत्रे धारदार, षट्कोनी आणि एकमेकांत घुसलेले असतात. त्यांना चिकटलेला मूळ खडक कुठेच नसतो. असलाच तर राखाडी, सच्छिद्र भट्टीचा मळ असतो. आणि आकार निसर्गात मिळणाऱ्या स्फटिकांच्या शेकडो पट असतो. कोणी त्याच्यासोबत 'उल्कापाताच्या जागेवरून आणले' असे सांगत असेल, तर हाच पदार्थ घासकागदाच्या कारखान्यात गोणीने येतो, हे ध्यानात ठेवावे. शोभेची वस्तू म्हणून आवडला तर जरूर घ्यावा, पण शोभेच्या वस्तूच्या भावाने.

पैलू पाडलेला खडा कसा तपासावा

आधी खडा स्वच्छ करावा. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने कोंदणाच्या खालची बाजू घासून, कोरड्या सुती कापडाने पुसून घ्यावी. अंगठीच्या पोटात साचलेल्या क्रीम आणि हळदीच्या थराने भलेभले फसतात. खडा सुटा असेल तर हाताने न धरता चिमट्याने धरावा.

डोळ्यांनी दिसणारी पहिली खूण रंगांच्या ठिणग्यांची. प्रकाशाचे रंगांत विभाजन करण्याची मॉइसनाइटची क्षमता ०.१०४ आहे आणि हिऱ्याची ०.०४४, म्हणजे दुपटीहून अधिक. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली खडा हलवला की लाल, हिरव्या, निळ्या ठिणग्यांचा जणू मेळा भरतो. हिऱ्याचे पाणी तुलनेने शांत, पांढऱ्या तेजाचे असते. पण एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण छोट्या खड्यात हा फरक पुसट होतो आणि खरेदीच्या उत्साहात डोळा पक्षपाती होतो. फुंकर मारून वाफ किती लवकर उडते हे पाहण्याची घरगुती चाचणी तर इथे पूर्ण निरुपयोगी आहे; मॉइसनाइटही उष्णता चटकन वाहून नेते, त्यामुळे वाफ दोन्हींवरून लगेच जाते.

खरी परीक्षा दुहेरी रेषांची, आणि ती नीट शिकून घेण्यासारखी आहे. हिऱ्यात प्रकाशाचा किरण एकच राहतो. मॉइसनाइटमध्ये तो दोन किरणांत फुटतो, कारण त्याचे दोन अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारे आकडे) असतात, २.६५ आणि २.६९ च्या आसपास, आणि त्यांच्यातला फरक ०.०४३ इतका असतो. त्यामुळे खड्यातून पलीकडच्या बाजूचे पैलू पाहिले तर त्यांच्या कडा दोन-दोन दिसतात. मात्र कारागीर हे जाणून असतात. ज्या दिशेने पाहिले असता किरण फुटत नाही, ती दिशा वरच्या सपाट पैलूला, म्हणजे खड्याच्या टेबलाला, काटकोनात येईल अशा रीतीने ते खडा कापतात. म्हणून टेबलातून सरळ खाली पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि तो 'एकच रेघ आहे, हिराच' असे सांगून मोकळा होतो.

पाहण्याची रीत अशी. आयग्लास डोळ्याला भिडवावा, खडा त्याच्यापासून सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावर आणावा, आणि मग खडा तिरका करून टेबलाच्या शेजारच्या पतंगाच्या आकाराच्या पैलूतून आत, पलीकडच्या तळाच्या टोकाकडे पाहावे. तळाच्या पैलूंच्या कडा रेल्वेच्या रुळांसारख्या जोडीने धावताना दिसल्या की खडा हिरा नाही. चार मिलिमीटर खोलीच्या खड्यात या दोन रेषांमधले अंतर जास्तीत जास्त केसाच्या जाडीइतके भरते, त्यामुळे हात स्थिर हवा. कोपर टेबलावर टेकवून ठेवावे. प्रतिबिंबांनी गोंधळ होत असेल तर सुटा खडा पाण्याच्या वाटीत बुडवून पाहावा, चकाकी कमी होते. आणखी एक पडताळा म्हणजे खडा हळूहळू फिरवत राहावे: खरी दुहेरी रेष एका दिशेला ठळक होते आणि दुसऱ्या दिशेला एकत्र येऊन नाहीशी होते, तर प्रतिबिंबामुळे दिसणारी रेष अशी नियमाने वागत नाही. नव्या मुलांना मी हे आधी कागदावर काढून दाखवायचो. आता थेट दोन खडे हातात देतो, कारण एकदा दिसले की आयुष्यभर दिसत राहते.

एकदोन मिलिमीटरच्या बारीक खड्यांत हे अंतर इतके कमी होते की दहा पट भिंग अपुरे पडते, तिथे सूक्ष्मदर्शक लागतो. दुहेरी रेष दिसली म्हणजे मॉइसनाइटच, असेही नाही. झिरकॉनमध्येही ती दिसते. झिरकॉन मात्र बराच जड असतो, कडांवर लवकर झिजतो आणि उष्णतेच्या तपासणीत हिऱ्यासारखा वागत नाही.

भिंग हातात असतानाच आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मॉइसनाइटच्या पोटात पुष्कळदा सुईसारख्या पांढऱ्या, एकमेकींना समांतर बारीक रेषा असतात, आणि त्या टेबलाला साधारण काटकोनात उभ्या राहतात. हिऱ्यातले दोष असे शिस्तीत उभे नसतात. दुसरे, पैलूंवरच्या पॉलिशच्या खुणा. हिऱ्याची कठीणता दिशेनुसार बदलते, म्हणून कारागिराला प्रत्येक पैलू वेगळ्या दिशेने घासावा लागतो. मॉइसनाइटमध्ये शेजारच्या पैलूंवरच्या खुणा बऱ्याचदा एकाच दिशेने जातात. त्याच्या कडाही किंचित गोलसर भासतात. कठीणता ९.२५, म्हणजे नीलम-माणकाच्या वर आणि हिऱ्याच्या खाली. म्हणून काचेवर किंवा दुसऱ्या खड्यावर ओरखडा काढून पाहण्याचा प्रकार कृपा करून करू नये. मॉइसनाइट तो उत्तीर्ण होतो आणि बिचारा दुसरा खडा खराब होतो.

तराजू आणि यंत्रे

खडा सुटा असेल तर वजनासारखा साक्षीदार नाही. मॉइसनाइटची विशिष्ट घनता ३.२२, हिऱ्याची ३.५२, आणि बाजारात अमेरिकन डायमंड म्हणून मिळणाऱ्या क्युबिक झिरकोनियाची ५.६ ते ६. गोल कापाच्या खड्याचा व्यास आणि खोली गेजने मिलिमीटरमध्ये मोजावी, व्यासाचा वर्ग करून त्याला खोलीने गुणावे आणि पुन्हा ०.००६१ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे हिरा असता तर त्याचे कॅरटमधले अंदाजे वजन. उदाहरणार्थ, व्यास ६.५ आणि खोली ३.९५ मिलिमीटर असेल तर हिऱ्याचे वजन १.०२ कॅरटच्या आसपास यायला हवे. तेवढ्याच मापाचा मॉइसनाइट ०.९ च्या थोडा वर भरतो आणि क्युबिक झिरकोनिया १.६ ते १.७ पर्यंत जातो. कापाच्या घडणीनुसार थोडे इकडेतिकडे होते, पण तिघांची गल्लत होण्याइतके नाही. प्रयोगशाळेत ३.३२ घनतेच्या मेथिलीन आयोडाइड या द्रवात खडा टाकतात. मॉइसनाइट तरंगतो आणि हिरा बुडतो. हा द्रव विषारी आहे, तेव्हा हा प्रयोग घरी करू नये.

पेनासारखे दिसणारे साधे हिरातपासक यंत्र उष्णतावहन मोजते, आणि सर्वाधिक फसवणूक त्याच्याच भरवशावर होते. मॉइसनाइटचे उष्णतावहन हिऱ्याहून कमी असले, तरी यंत्राच्या उंबरठ्याच्या वर असते, म्हणून यंत्र शिटी वाजवून हिरव्या दिव्याने 'हिरा' असे सांगते. क्युबिक झिरकोनिया वेगळा काढायला ते यंत्र ठीक आहे. हिरा आणि मॉइसनाइट यांच्यात मात्र ते काहीच सांगत नाही. त्यासाठी विद्युतवहन मोजणारे यंत्र असते, कारण बहुतेक मॉइसनाइटमधून थोडा वीजप्रवाह जातो आणि सामान्य हिऱ्यातून जात नाही. इथेही दोन अपवाद लक्षात ठेवावेत: बोरॉन असलेले निळे हिरे आणि उच्च दाब-तापमानाने बनवलेले काही प्रयोगशाळेतले हिरे वीज वाहून नेतात, तर अलीकडचे काही अतिशय स्वच्छ मॉइसनाइट जवळजवळ वाहून नेत नाहीत. म्हणून यंत्राचा दिवा आणि भिंगातली रेष यांत मतभेद झाला, तर मी रेषेवर विश्वास ठेवतो.

सोनारांना माहीत असलेली एक गंमत इथे सांगायला हवी. अंगठीला डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, मॉइसनाइट तापला की पिवळसर होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा पूर्ववत होतो. ओळख पटवण्यासाठी मुद्दाम तापवू नये, पण दुरुस्तीच्या वेळी हे दिसले तर ते घाबरण्याचे कारण नाही.

वाद मोठ्या रकमेचा असेल तर रामन वर्णपटाची, म्हणजे लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याची, तपासणी करून घ्यावी. हिऱ्याची एकच ठळक रेष १३३२ या तरंगसंख्येला येते, आणि मॉइसनाइटच्या रेषा ७६७, ७८८ आणि ९६५ च्या आसपास येतात. इथे मतभेदाला जागा उरत नाही. मुंबईत रत्नपरीक्षण करणाऱ्या नामांकित प्रयोगशाळा आहेत. खडा तिथे स्वतः द्यावा आणि स्वतः आणावा. विक्रेत्याने डबीत घालून दिलेले कार्ड हा अहवाल नव्हे. अनेक कार्डांवर खड्याचे मोजलेले माप आणि वजनही नसते, केवळ शुद्धतेची अक्षरे असतात.

एक गोष्ट स्पष्ट असावी: दुहेरी रेष नसली म्हणजे खडा नैसर्गिक हिरा ठरत नाही. सीव्हीडी किंवा लॅब ग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, हिराही हिराच असल्याने त्यातही रेष एकच असते. तो वेगळा काढणे आयग्लासच्या आवाक्यातले काम नाही.

किंमत कशी काढावी

मॉइसनाइटच्या किमतीत दुर्मीळतेचा भाग शून्य धरावा. उरतात ते आकार, रंग, स्वच्छता आणि काप. हिऱ्यात एक कॅरटच्या दगडाचा भाव अर्ध्या कॅरटच्या दोन दगडांहून कितीतरी जास्त असतो, कारण मोठा दगड निसर्गात क्वचित मिळतो. मॉइसनाइटमध्ये अशी तीव्र चढण नसते, कारण स्फटिक हवा तेवढा वाढवता येतो. त्यामुळे मोठा खडा आहे म्हणून हिऱ्याच्या चालीने दर सांगितला जात असेल, तर त्याला आधार नाही.

आकाराच्या बाबतीत सर्वांत मोठा घोळ कॅरटचा आहे. मॉइसनाइट हलका असल्याने अनेकदा 'एक कॅरट' म्हणून विकला जाणारा खडा प्रत्यक्षात ०.९ कॅरटच्या आसपास भरतो. तो आकडा समान आकाराच्या हिऱ्याच्या वजनाचा असतो. ही रीत लपवाछपवीची नाही, पण पावतीवर प्रत्यक्ष वजन की समतुल्य वजन हे लिहिलेले नसेल तर दोन दुकानांचे भाव ताडून पाहताच येत नाहीत. म्हणून भाव नेहमी मिलिमीटरवर विचारावा: '६.५ मिलिमीटर गोल, रंगहीन, सुटा खडा केवढ्याला?' तीन ठिकाणी हाच प्रश्न शब्दशः विचारावा, आणि मधला भाव धरावा. रंगाच्या बाबतीत खडा पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावा. हलक्या मालात हिरवट किंवा राखाडी छटा उतरते. काप महत्त्वाचा, कारण वाईट कापाचा मॉइसनाइट टेबलातूनही धूसर दिसतो, आणि कडेला दुहेरी रेषांमुळे तो आणखी गढूळ वाटतो.

दागिन्यात बसवलेल्या खड्याचा दाम काढायचा तर उलट्या बाजूने जावे. समजा अंगठीचे एकूण वजन चार ग्रॅम आहे आणि खडा ०.९ कॅरट. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा खड्याचे ०.१८ ग्रॅम वजा करून सोने ३.८२ ग्रॅम उरले. सोने १८ कॅरटचे, म्हणजे ७५ टक्के शुद्ध, तर शुद्ध सोने २.८६५ ग्रॅम. हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू. प्रत्यक्षात त्या दिवशीचा दर घ्यावा. सोन्याचे २८,६५० रुपये झाले, त्यावर १२ टक्के घडणावळ धरली तर ३,४३८, मिळून ३२,०८८. दुकानदार कर सोडून ६०,००० मागत असेल, तर तो खड्याचे २७,९१२ रुपये लावतो आहे. आता हाच आकडा तीन ठिकाणच्या सुट्या खड्याच्या भावाशेजारी ठेवावा. माझ्याकडे आलेल्या बाईंच्या अंगठीत ही दरी पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

परत विकण्याच्या बाबतीत स्पष्ट बोललेले बरे. मोडीत अंगठी दिली तर सोन्याचे पैसे येतात आणि खड्याचे सहसा काहीच येत नाहीत. खडा काढून तुमच्याच हातात ठेवतात. चांदीत बसवलेल्या दागिन्यात तर मोड जवळपास उरतच नाही. वापरण्यासाठी, दिसण्यासाठी घ्यावा. गुंतवणूक म्हणून घेऊ नये. ज्योतिषाच्या कारणाने शुक्रासाठी उपरत्न म्हणून तो दिला जाऊ लागला आहे, त्या श्रद्धेत मला पडायचे नाही, पण उपरत्नाच्या नावाखाली भाव चढवला जात असेल तर हिशेब वर दिलाच आहे.

उल्काच विकत घ्यायची असेल तर

ज्यांना खरोखर सूर्याआधीचे मॉइसनाइट जवळ असावेसे वाटते, त्यांच्यापुढे एकच मार्ग आहे: ज्या उल्केत ते असल्याचे सिद्ध झाले आहे, तिचा छोटा तुकडा घ्यावा. त्यातले कण डोळ्यांना दिसणार नाहीत, वेगळे काढता येणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी वेगळा भावही नसतो. किंमत उल्केची, ग्रॅमवर. ती ठरते नाव, प्रकार, पडल्याची नोंद आणि तुकडा कोणाकडून कोणाकडे आला याच्या कागदांवर. मर्चिसनचे सुमारे शंभर किलोच्या वर द्रव्य गोळा झाले होते, आणि त्यात भर पडण्याची शक्यता नाही, म्हणून त्याला मागणी राहते. 'यात मॉइसनाइट आहे' असे सांगून वरचा भाव मागणाऱ्याला विचारावे की मर्चिसनच्या कोणत्या तुकड्यात ते नसते.

तुकड्यावर लिहिलेले नाव आंतरराष्ट्रीय मिटिओरिटिकल बुलेटिनच्या सूचीत आहे का, हे आधी पाहावे; ही सूची ऑनलाइन कोणालाही पाहता येते. लोहउल्का असेल तर कापलेल्या, घासलेल्या बाजूवर सौम्य नायट्रिक आम्लाने उठवलेली, एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी बहुतेक प्रकारांत दिसते. साध्या लोखंडात ती येत नाही. निकेलची चाचणीही करून घ्यावी. लोखंडाच्या भट्टीतला मळही लोहचुंबकाला चिकटतो, पण त्यात बुडबुडे असतात आणि निकेल सहसा नसते.

आपल्याकडे शेतात काळा, जड दगड सापडला की उल्केची शंका येते, आणि दख्खनच्या बेसाल्टच्या प्रदेशात बहुतेक वेळा ती फोल ठरते. लोणारच्या विवराबद्दल तर फार गैरसमज आहेत. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर उल्केच्या आघातानेच झाले, पण तिथले काळे दगड उल्का नाहीत. ते बेसाल्टच आहे, आणि आघाताने काच झालेले त्यातले फेल्डस्पार हे खनिज, म्हणजे मॅस्केलिनाइट, ही तिथली खरी नवलाई आहे. हे नाव मुळात बिहारमध्ये १८६५ साली पडलेल्या शेरघाटी उल्केतल्या अशाच काचेला मिळाले. लोणार अभयारण्य आहे, तिथून दगड उचलून आणू नयेत, आणि 'लोणारची उल्का' म्हणून कोणी विकत असेल तर घेऊही नये.

खरी उल्का पडली तर काय करावे, याचे जवळचे उदाहरण नागपूर जिल्ह्यातील काटोलचे आहे. २२ मे २०१२ रोजी तिथे दगडी उल्कांचा वर्षाव झाला, आणि त्या तुकड्यांच्या अभ्यासातून पुढे ब्रिजमनाइट हे एरवी पृथ्वीच्या खोल पोटात असणारे खनिज आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. असा दगड सापडला तर तो धुऊ नये, चुंबक घासून फिरवू नये, फोडू नये. स्वच्छ अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा, जागेचा फोटो आणि दिवस-वेळ लिहून ठेवावी, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे. देशातील उल्कांचा मुख्य संग्रह याच विभागाकडे आहे. गावात भाव लावत फिरण्याने एवढेच होते की तुकडे पांगतात आणि ज्या नोंदीने त्यांना मोल आले असते, ती नोंदच राहत नाही.

पावती आणि तक्रार

खरेदीच्या पावतीवर इतके तरी लिहून घ्यावे: 'प्रयोगशाळेत तयार केलेला मॉइसनाइट', माप मिलिमीटरमध्ये, प्रत्यक्ष वजन, सोन्याचे निव्वळ वजन आणि शुद्धता, खड्याची आणि घडणावळीची वेगळी रक्कम. तोंडी सांगितलेले 'उल्केतले' किंवा 'नैसर्गिक' हे शब्द पावतीवर लिहून द्या म्हटले की बहुतेक दुकानांत सूर बदलतो, आणि तीही एक चाचणीच आहे. आधीच फसगत झाली असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन आधी दुकानदाराला लेखी कळवावे, जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपावेत, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी, आणि तरीही दाद लागली नाही तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे.

त्या शिक्षिका पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. अंगठी त्यांनी परत केली नव्हती. लेकीला ती आवडली होती. दुकानदाराशी दोनदा बोलून त्यांनी रकमेतला मोठा भाग परत मिळवला होता आणि नवी पावती करून आणली होती, ती मला दाखवण्यासाठी. तिच्यावर 'नैसर्गिक' हा शब्द नव्हता, माप होते ६.५ मिलिमीटर आणि वजन ०.९१ कॅरट. तारे चितारलेले कार्ड नातवाने खेळायला घेतले होते.